ओल आणि ऊब

आपल्या मराठीत माया ओली असते. कुणी आस्थेनं चौकशी केली की आपण म्हणतो, त्यांच्या बोलण्यात ओलावा होता. कठोर माणसाला दया आली की त्याला पाझर फुटतो. ज्याच्याकडून काही मिळत नाही तो कोरडा, आणि त्याची सहानुभूतीही कोरडी. वर्षातले आठ महिने आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखाची ही भाषा. जिथं पाऊस हीच कृपा, तिथं चांगुलपणाही ओला असायचाच. या भाषेत मी वाढले, आणि तिच्याविषयी शंका घ्यावी असं मला कधी वाटलं नव्हतं. ती शंका मला एका कुलपानं घ्यायला लावली. ते कुलूप परदेशातलं होतं, आणि ते गोठलं होतं.

तुम्ही म्हणाल, कुलूप गोठेल कसं? ते काय तूप आहे? तुमचं म्हणणं बरोबर आहे. आम्ही कोकणातली माणसं. आमच्याकडे कुलपाला एकच आजार होतो, तो म्हणजे गंज. मृगाचा पाऊस लागला की दारं फुगतात, चौकटीत रुतून बसतात, कडी कोयंड्यावर बसेनाशी होते, आणि परसातल्या खोलीचं कुलूप किल्लीला ओळख दाखवत नाही. त्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेले उपाय दोन, घासलेट आणि खोबरेल. दोन थेंब सोडायचे, किल्ली चार वेळा मागंपुढं करायची आणि कुलपाच्या नावानं एक शिवी हासडायची. कुलूप उघडतं. नाहीच उघडलं तर मागच्या दारानं आत जायचं. दार उघडलं नाही म्हणून कुणाच्या जिवावर बेतलं, असं आमच्या गावात कधी ऐकलं नाही. फार तर ओटीवर बसून राहावं लागतं, आणि तेवढ्यात शेजारून चहा येतो.

विनिपेगमध्ये ओटी नाही. माझी ताई लग्नानंतर तिथं गेली. मॅनिटोबा प्रांताच्या राजधानीचं हे शहर रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं आहे. जानेवारीत तिथलं रात्रीचं सरासरी तापमान उणे २० च्या आसपास असतं, आणि २४ डिसेंबर १८७९ या दिवशी तिथं उणे ४७.८ अंशांची नोंद झालेली आहे. नद्या गोठतात आणि माणसं त्यांच्यावरून चालतात. प्रत्येक मोटारीच्या तोंडातून विजेची एक वायर लोंबत असते. रात्री इंजिन गारठू नये म्हणून ती वायर भिंतीतल्या प्लगला जोडून ठेवायची. आपल्याकडे संध्याकाळी गुरं दावणीला बांधतात, तशी तिथं माणसं मोटारी बांधतात.

२०२३ च्या डिसेंबरात ताईच्या पहिल्या बाळंतपणासाठी आई तिकडे जायला निघाली. वाटेत विमान बदलायचं, इंग्रजीत विचारायचं, हे तिला एकटीनं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून सोबतीला मी. बाबा कलमांची मोहोराची राखण करायला मागं राहिले. आईनं बरोबर डिंक घेतला, अळीव घेतले, खारीक, बाळंतशेपा, कुळथाचं पीठ घेतलं, आणि बाळाला चोळायला घरच्या घाणीवरचं खोबरेल घेतलं. ते खोबरेल विनिपेगला पोचलं तेव्हा बाटलीत पांढरा दगड झाला होता. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं. तिथं ते बाटली फोडून काढावं लागतं की काय, अशी पाळी आली होती. शेवटी आईनं ती बाटली शेगडीजवळ ठेवली आणि म्हणाली, "बघ, हिलासुद्धा ऊब लागते."

घर आत शिरताच उबदार होतं, पण आईला ते घर वाटेना. वास नाही, आवाज नाही. मग तिनं ते आपल्या पद्धतीनं घर करायला घेतलं. पहाटे उठून पेज. मग भाताचा कुकर आणि त्याच्या शिट्ट्या. मग कुळथाचं पिठलं रटरटत ठेवायचं. ताईच्या पाठीला शेक हवा म्हणून दिवसभर पाण्याचं मोठं पातेलं उकळतं. जुन्या लुगड्यांची दुपटी आणि लंगोट धुऊन स्वयंपाकघरात दोऱ्यांवर वाळत घातलेले. शेगडीवर वाफ बाहेर ओढून नेणारा पंखा होता, पण तो लावला की आईला वाटे, वाफेबरोबर अन्नाची चवच बाहेर चालली. ती तो बंद करायची. दुपारी बघावं तर खिडक्यांच्या काचांवरून पाण्याचे ओघळ, आणि सकाळी त्याच काचांवर, आतल्या बाजूनं, बोटभर बर्फ.

ताई म्हणायची, "आई, झाकण ठेव ना पातेल्यावर. पंखा लाव. या घराला एवढी वाफ सोसत नाही."

यात भांडण होण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण आईला ऐकू आलं ते वेगळंच. साता समुद्रांपलीकडं लेकीसाठी आले, आणि माझ्या हातची वाफसुद्धा हिला सोसत नाही. ती बोलली नाही. झाकण ठेवलं, ते मात्र जरा आपटून. ताईलाही राग आला. आठव्या महिन्यानंतर बाईला साध्या गोष्टीनंही रडू येतं, आणि रडू आलं की ते दिसू नये म्हणून ती आणखी तुटक बोलते. पुढं दहा-बारा दिवस त्या दोघींचं बोलणं मीठ आणि औषधाच्या वेळा यांपलीकडं गेलं नाही. मी मध्ये होते. भावोजी कामावरून आले की सगळ्यांशी हवामानाविषयी बोलत. तिथं हवामान हा विषय कधी संपत नाही, ही त्यांच्या दृष्टीनं मोठीच सोय होती.

जानेवारीच्या मध्यावर ताईला रुग्णालयात नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा झाला. दोघंही सुखरूप होते. रात्री भावोजी तिथं थांबले आणि त्यांनी आम्हा दोघींना टॅक्सीत बसवून घरी धाडलं. टॅक्सी दारात सोडून निघून गेली. वारा होता आणि थंडी उणे तिसाच्या घरातली. अशा हवेत उघडी कातडी दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात गोठू शकते, हे तिथं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं.

मी किल्ली कुलपात घातली. ती अर्धीच आत गेली. काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेवढीच.

आई म्हणाली, "जोर लाव."

जोर लावावा असं वाटत होतं, पण पितळी किल्ली थंडीत आणखीच बारीक दिसत होती. ती आत मोडली असती तर मग कुणालाच काही करता आलं नसतं. तेवढ्यात आईनं हातमोजे काढले. मोज्यांतून तिला किल्ली धरता येईना. तिनं उघड्या बोटांनी खटपट केली, आणि ती जमेना तेव्हा वाकून, तोंड कुलपाजवळ नेऊन फुंकर घालायला लागली. आमच्याकडे चूल पेटत नसली, लेकराला लागलं, डोळ्यात कण गेला, तरी फुंकरच घालतात.

"नको! नको!" असा इंग्रजीत ओरडा ऐकू आला. शेजारच्या घराचं दार उघडलं होतं आणि एक म्हाताऱ्या बाई, अंगावर कोट ओढत, बर्फातून आमच्याकडे येत होत्या. त्या युक्रेनियन वंशाच्या. त्या शहरात अशी घरं पुष्कळ आहेत. ताई त्यांना आजीच म्हणते. त्यांनी आधी आईला खांद्याला धरून मागं ओढलं. ओल्या ओठांचा अशा धातूला स्पर्श झाला तर ते तिथंच चिकटतात. आणि फुंकरीनं कुलूप क्षणभर ऊब घेतं खरं, पण श्वासातली वाफ आत जाऊन गोठते आणि कुलूप पहिल्याहून घट्ट बसतं. हे त्यांनी मला सांगितलं आणि मी आईला. मग त्यांनी कोटाच्या खिशातून बोटाएवढी एक बाटली काढली. तिच्यात अल्कोहोल असतं. पाणी शून्य अंशाला गोठतं, ते तसं गोठत नाही, आणि बर्फात मिसळून त्याचं पाणी करतं. ही बाटली त्या हिवाळाभर कोटाच्या खिशात ठेवतात. "लोक ही घरात ठेवतात," त्या म्हणाल्या, "आणि मग घराबाहेर उभे राहतात."

त्यांनी बाटलीची सोंड कुलपाच्या भोकात घालून दोनदा दाबली. किल्ली सिगारेटच्या लायटरवर धरून गरम केली, मोजा घातलेल्या हातानं. मग किल्ली हळूच आत सारली आणि तशीच धरून ठेवली. फिरवली नाही. मी मनात वीस मोजले. त्यांनी किल्ली बाहेर काढली, कोटाच्या अस्तराला कोरडी पुसली, पुन्हा तापवली, पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी ती पूर्ण आत गेली. चौथ्या वेळी फिरली. सगळा मिळून दहा मिनिटांचा खेळ. त्या दहा मिनिटांत त्यांनी एकदाही जोर केला नाही.

आत आल्यावर दिव्याखाली पाहिलं तर आईच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं खडूसारखी पांढरी झाली होती. मी ती चोळायला घेतली, तर आजींनी मला थांबवलं. गोठलेली कातडी चोळायची नसते, आणि कढत पाण्यातही घालायची नसते. तिला स्पर्श कळत नसतो, ती भाजून निघते. त्यांनी कोमट पाण्याचं भांडं भरलं, आपल्या मनगटानं तापून बघितलं, आणि आईचा हात त्यात धरून बसल्या. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. पंधरा-वीस मिनिटांनी बोटं लाल झाली आणि ठणकायला लागली. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. दहा-बारा दिवसांत ती पहिल्यांदा रडली. "बोटं दुखतात," असं ती म्हणाली.

जाण्याआधी आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. दोऱ्यांवरचे लंगोट, शेगडीवरचं पातेलं आणि खिडकीवरचा बर्फ त्यांनी क्रमानं पाहिला, आणि बोट कुलपाकडं नेलं. एवढंच. भाषांतराची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी सगळं नीट समजावलं. तिथल्या दारांची कुलपं आपल्या टाळ्यासारखी लोंबती नसतात, दाराच्या अंगातच बसवलेली असतात. आत एक नळकांडं, त्यात पाच-सहा बारीक पितळी खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक स्प्रिंग. योग्य किल्लीच्या दात्यांनी सगळ्या खुंट्या नेमक्या उंचीवर उचलल्या की नळकांडं फिरतं. अशा कुलपाचं पेटंट अमेरिकेत लायनस येल धाकटे यांनी १८६१ मध्ये घेतलं. मूळ कल्पना प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांइतकी जुनी. खुंट्यांभोवतीची फट केसाएवढी. तिथं पाण्याचा कण गोठला तरी पुरे, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि खुंटीला उचलू देत नाही.

पण ते पाणी आलं कुठून? मला वाटलं होतं, बाहेरच्या बर्फातून. कधी कधी तसंही होतं. दुपारच्या उन्हात छपरावरचं बर्फ वितळून कुलपावर ठिबकतं आणि रात्री थिजतं. पण आमच्या कुलपाचं कारण घरात होतं. उणे तीस अंशांची हवा फार कोरडी असते. तिच्या एका घनमीटरमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा वाफ मावत नाही. वीस अंशांच्या घरातल्या हवेत १७ ग्रॅमपर्यंत मावते. ही आतली ओली हवा बाहेर जायची वाट शोधते, आणि दाराच्या अंगात कुलपासाठी पाडलेलं भोक ही तिची सोपी वाट. वाटेत थंड धातू भेटतो. वाफ तिथंच बसते, थरावर थर चढतो, आणि एके रात्री कुलूप बंद. म्हणजे कुलूप गोठलं ते बाहेरच्या थंडीनं नव्हे. थंडीनं फक्त जागा दिली. ते गोठलं आमच्या पेजेच्या, भाताच्या आणि शेकाच्या पाण्याच्या वाफेनं. म्हणजे, स्पष्टच बोलायचं तर, आईच्या मायेनं.

हे वाक्य मी तेव्हा मोठ्यानं बोलले नाही. पण आईनं ते ऐकलं असावं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "कुलपात खोबरेल सोडलं तर?"

भावोजी म्हणाले, "थिजेल, आई. साधं तेलही थंडीत घट्ट होतं आणि धूळ धरून ठेवतं. इथं कोरडी पूड घालतात, ग्रॅफाइटची. आपल्या शिसपेन्सिलीत असतं ना, तेच."

"शिसपेन्सिलीत शिसं नसतं?"

"नसतं. नावच तेवढं आहे."

आईला याची फार गंमत वाटली. त्या दिवसापासून तिनं कुलूप आपल्या अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी ती एक पेन्सिल किल्लीच्या दात्यांवरून फिरवायची आणि किल्ली चार वेळा आतबाहेर करायची. केस वाळवायच्या यंत्रानं दाराच्या आतल्या बाजूनं कुलपाला कोरडी ऊब द्यायची. बाहेर जाताना ती छोटी बाटली खिशात आहे ना, हे दोनदा चाचपायची. लंगोट वाळवण्याच्या यंत्रात गेले, त्याची वाफ नळीवाटे परस्पर बाहेर जाते. पातेल्यावर झाकण आलं, आणि ते आता आपटून ठेवलेलं नसे.

ताई तिसऱ्या दिवशी बाळाला घेऊन घरी आली. आल्या आल्या तिला पंख्याचा आवाज ऐकू आला. ती स्वयंपाकघरात गेली. आई टेबलाशी बसून किल्लीवर पेन्सिल फिरवत होती.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुझ्या शेजारच्या आजींनी, आणि तुझ्या नवऱ्यानं," आई म्हणाली. "तू सांगत होतीस तेव्हा मला वाटलं, तुला मी जड झाले."

ताई काहीच बोलली नाही. बाळ माझ्या हातात दिलं, शेगडीपाशी गेली आणि पंखा बंद केला. पेजेवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. "अर्धा तास राहू दे," ती म्हणाली. "मला वास हवाय."

तो अर्धा तास मी विसरणार नाही. काचा धूसर झाल्या. कुणीच काही बोललं नाही. अर्ध्या तासानं आईनंच उठून पंखा लावला.

यातून ओल वाईट आणि ऊब चांगली, असं कुणी समजू नये. घर पार कोरडं करूनही तिथं चालत नाही. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावावा तर ठिणगी उडते. बाळाच्या श्वासालाही थोडी ओल लागते. प्रश्न मापाचा आहे, आणि तिला जायला वाट ठेवण्याचा आहे. माया जेवढी कोंडावी तेवढी ती फटी शोधते, आणि नको तिथं जाऊन बसते. आपल्या अभ्यासात ताटीचे अभंग आहेत. झोपडीचं दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना मुक्ताबाई बाहेरून समजावते, ते. वर्गात ते शिकताना मला वाटायचं, एवढे अभंग कशाला? दार ढकललं असतं तर उघडलं असतं. आता वाटतं, तिला माहीत असणार. बंद दारापुढं जोर कामाचा नसतो, आणि नुसते अश्रूही कामाचे नसतात. थोडी ऊब द्यायची, थांबायचं, पुन्हा द्यायची.

आम्ही मार्चमध्ये परतलो. आल्यावर पहिलं काम म्हणजे परसातल्या खोलीचं गंजलेलं कुलूप. आईनं त्यात खोबरेलच सोडलं, पेन्सिल नाही. प्रत्येक मुलखाची कुलपं वेगळी, हे तिला आता माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

रविवारी ताईचा फोन येतो. पूर्वी आई विचारायची, "बरी आहेस ना? जेवलीस ना?" हिवाळा लागला की तिचा पहिला प्रश्न आता वेगळा असतो. "कुलूप उघडतंय ना गं?" आणि तिकडून ताई म्हणते, "उघडतंय. कालच पेन्सिल फिरवली."

बाबांना हे काही उमगत नाही. ते म्हणतात, एवढ्या लांबून लेक फोन करते आणि तुम्ही बायका कुलपाचं काय बोलत बसता? आई त्यांना समजावून सांगत नाही. त्यांच्या हातात फोन देते आणि पेजेवरचं झाकण बघायला आत जाते.

(तृतीय वर्ष, कला)